चाकू मागितला, हवी होती कटावणी

टाके तीनच पडले, तेही हातात मोजा होता म्हणून. मावसभाऊ यंत्रं बसवायच्या कामावर असतो. लाकडी खोक्यातून यंत्र बाहेर काढायचं, जागेवर बसवायचं, जोडण्या करायच्या आणि चालू करून द्यायचं. त्या दिवशी खोक्याच्या दोन फळ्यांमधल्या फटीत त्यानं खिशातल्या चाकूचं पातं घातलं आणि फळी जराशी उचलली. पातं अडकलं, म्हणून मनगट पिळून ओढलं, तसं पातं उघडं धरून ठेवणारं लॉक सुटलं आणि पातं तर्जनीवर मिटलं. रात्री फोन आला. "दादा, मोडणारच नाही असा चाकू सांग. वजन कितीही असू दे."

घडीच्या चाकूंचा मला बरीच वर्षं नाद आहे, आणि असे फोन अधूनमधून येतात. नेहमी मी दोन-तीन नावं सांगून मोकळा होतो. या वेळी बोट कापलेलं होतं, म्हणून म्हटलं, नीट बघू. पुढच्या दीड महिन्यात काय केलं, कुठे माझा अंदाज चुकला आणि शेवटी काय ठरलं, ते क्रमानं लिहितो.

मिटलेला चाकू

आधी तो चाकू मागवून घेतला. लायनर लॉकचा होता. मुठीच्या आत पातळ पत्र्याचा अस्तर असतो. त्याचाच एक पाय कापून वाकवलेला असतो, आणि पातं उघडलं की तो उसळून पात्याच्या बुडाखाली येतो. या लॉकला आजचं रूप चाकू बनवणारे मायकेल वॉकर यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दिलं. नीट बनवलेलं असेल तर हे लॉक चांगलं असतं. पण याच्यात पत्रा जेमतेम बुडाच्या कडेला टेकत होता, आणि टेकायच्या जागी तेल आणि लाकडाचा भुसा घट्ट बसला होता.

मूठ आवळून धरली आणि पिळली की तर्जनीचं पेर नेमकं त्या पत्र्याच्या खाचेत जातं. जाड मोजा असेल तर हमखास जातं. म्हणजे जोर लावताना लॉक सोडायचं काम त्याचंच बोट करत होतं. भरीला धार गेलेली. "धार कधी लावली होतीस?" विचारलं तर पलीकडे शांतता.

इथेच त्याला म्हणालो की हा चाकू कमकुवत होता हे खरं, पण त्याच्याकडून तू पहारीचं काम घेत होतास हेही खरं. त्याला ते पटलं नाही. पटावं अशी अपेक्षाही नव्हती. बोटाला पट्टी असताना कोणाला पटेल?

त्याची यादी

दोन दिवसांत त्यानं स्वतःच चार नावं काढून पाठवली. सगळी दणकट घडीच्या चाकूंतली नामांकित होती. कोल्ड स्टील कंपनीचे फोर-मॅक्स आणि एडी-१०, बेंचमेड कंपनीचा अडामास, आणि कारागीर रिक हिंडरर यांचा एक्सएम-१८. एकाचीही निवड मूर्खपणाची नव्हती. पण चारही चाकू दणकट असले तरी त्यांचा दणकटपणा वेगवेगळ्या जागी आहे, आणि ते त्याला दिसत नव्हतं.

फोर-मॅक्स आणि एडी-१० ही दोन्ही अँड्र्यू डेम्को यांची रचना. दोन्हींत त्यांचंच ट्राय-अ‍ॅड लॉक आहे. मुठीच्या पाठीवरचा दांडा दाबून मिटायचा जुना लॉकबॅक बहुतेकांनी पाहिलेला असतो. १९६४चा बक ११० हा गाजलेला चाकू त्याचाच. साध्या लॉकबॅकमध्ये पात्यावरचा सगळा जोर दांड्याच्या नाकावर आणि त्याच्या खिळीवर येतो. डेम्कोंनी पात्याचं बूड आणि दांडा यांच्या मध्ये एक जाड आडवी पिन घातली. जोर पिनेवर जातो, तिथून मुठीत उतरतो. दांड्याच्या खिळीचं भोकही मुद्दाम जरा लांबट ठेवलेलं असतं, त्यामुळे झीज झाली तरी दांडा खाली सरकून खाच पुन्हा घट्ट धरतो. घडीच्या चाकूतल्या सर्वांत भरवशाच्या लॉकमध्ये याची गणना होते, आणि माझ्या मते ती रास्त आहे.

अडामासमध्ये अ‍ॅक्सिस लॉक. मॅकहेन्री आणि विल्यम्स या जोडीनं रचलेलं हे लॉक बेंचमेडनं १९९८मध्ये आणलं. मुठीत आरपार जाणारी एक पोलादी कांडी पात्याचं बूड आणि थांब-पिन (उघडलेलं पातं जिला टेकून थांबतं ती) यांच्या मध्ये पाचरीसारखी बसते. तिला मागे दोन तारेच्या स्प्रिंगा असतात, आणि एक तुटली तरी दुसरीवर काम चालतं. मिटताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही, ही याची सगळ्यात मोठी सोय.

एक्सएम-१८ हा फ्रेम लॉकचा. हे लॉक चाकू बनवणारे क्रिस रीव्ह यांचं, त्यांच्या सेबेन्झा या चाकूमुळे जगभर पोचलेलं. लायनर लॉकचाच विचार, पण पातळ अस्तराऐवजी मुठीची टायटॅनियमची अख्खी एक बाजूच स्प्रिंगचं काम करते. म्हणून मूठ आवळली की लॉक सुटत नाही, उलट आणखी आत दाबलं जातं. भावाच्या अपघाताच्या नेमकं उलट. हिंडरर स्वतः अग्निशामक दलात काम केलेले. त्यांनी त्या टायटॅनियमच्या पट्टीवर एक चकती बसवली, जेणेकरून मिटताना पट्टी गरजेपेक्षा जास्त बाहेर वाकू नये.

चारांतलं कुठलंही लॉक त्याच्या जुन्या चाकूपेक्षा कितीतरी पटीनं सुरक्षित होतं. बोटाचाच प्रश्न असता तर चिठ्ठी टाकूनही भागलं असतं.

पंधरवड्याची वही

त्याला म्हणालो, पंधरा दिवस थांब. तोवर साधा कटर वापर, आणि जिथे जिथे चाकूला हात घालावासा वाटेल तिथे वहीत एक रेघ मार. काय कापलं तेवढंच लिही. कुरकुर करत का होईना, त्यानं केलं.

वही आली तेव्हा निम्म्याहून जास्त रेघा दोनच गोष्टींपुढे होत्या. प्लॅस्टिकच्या बांधणीच्या पट्ट्या, आणि पुठ्ठा. त्यानंतर नायलॉनचे दोर, रबरी होज, केबलचं वरचं आवरण, गॅस्केटची शीट, फोम. उचकटण्यापुढे नऊ रेघा. नऊ म्हणजे कमी नव्हेत, पण त्या सगळ्या खोकी उघडण्याच्या पहिल्या दोन दिवसांतल्या होत्या. उरलेले दिवस शुद्ध कापाकापीचे.

एका पानाच्या कोपऱ्यात त्यानं लिहिलं होतं, "लोखंडी पट्टी, चाकूनं नाही तुटली." ती चाकूनं तोडायचीच नसते. ताणलेली लोखंडी पट्टी सुटली की उलटी फेकली जाते, तिला पत्र्याची कात्रीच हवी, आणि तोंड बाजूला ठेवायचं. हे त्याला दहा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, याचं मला चाकूपेक्षा जास्त आश्चर्य वाटलं.

जाड पात्याचं गणित

पातं जाड असलं की ते दणकट होतं, यात खोटं काही नाही. वाकायला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे साडेतीन मिलिमीटरचं पातं साडेचारचं केलं तर ताठपणा दुपटीहून जास्त होतो. उचकटताना हे उपयोगाचं. पण घडीचा चाकू मधोमध सांधा असलेला. पातं वाकलं नाही तर तो आडवा जोर जातो कुठे? पातं ज्या खिळीवर फिरतं तिच्यावर, तिच्या दोन्ही बाजूंच्या वॉशरवर आणि मुठीच्या स्क्रूंवर. जगातलं सगळ्यात जाड पातं घेतलं तरी हा सांधा सांधाच राहतो. शिवाय लॉक बनवलेलं असतं ते पातं मिटू नये म्हणून. आडव्या जोराशी त्याचा फारसा संबंध नसतो. लॉकला वजनं टांगून केलेल्या चाचण्या बघून लोक हे विसरतात.

कापताना तीच जाडी नडते. पुठ्ठा कापायचा म्हणजे धारेनं चीर पाडायची आणि मागून येणाऱ्या पात्याला त्या चिरेतून वाट करून द्यायची. पुठ्ठा ताठ असतो, तो पात्याला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो. इथे पाठीची जाडी तितकी महत्त्वाची नसते. महत्त्वाची असते धारेच्या लगेच मागची जाडी. ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असेल तर पातं सरकत जातं. ती एक मिलिमीटरला पोचली की दाढी होईल अशी धार लावा, तरी चाकू कापत नाही, फाडत जातो.

भावाला हे तोंडी सांगून उपयोग नव्हता. तो घरी आला तेव्हा माझ्याकडचा एक जुना, पाचरीसारखा जाड चाकू आणि एक पातळ पात्याचा चाकू, दोन्हींना एकाच हिऱ्याच्या प्लेटवर एकाच कोनात, दर बाजूला साधारण वीस अंशांत, धार लावली. दोन्ही कागद सारखाच कापत होते. मग तिहेरी थराच्या पुठ्ठ्याचा लांब तुकडा दिला. पातळ चाकू एका ओढीत टोकापर्यंत गेला. जाड चाकू वीतभर जाऊन रुतला, आणि भावानं नकळत तेच केलं जे त्या दिवशी केलं होतं. मनगट पिळून ओढलं.

तो स्वतःच थांबला. मी काही बोललो नाही. जाड पातं अडकतं, अडकलं की पिळावं लागतं, आणि पिळलं की लॉकवर ताण येतो. दणकट लॉकची गरज बऱ्याच अंशी जाड पात्यानंच निर्माण केलेली असते.

त्यामुळे आमचा प्रश्न बदलला. दणकटपणा लॉकमध्ये आणि मुठीत हवा, कारण तो बोटं वाचवतो. पात्यात तो माफकच हवा. हिंडरर यांनीही एक्सएम-१८ वेगवेगळ्या पात्यांत दिला आहे. एकीकडे टोकापर्यंत जाड राहणारं स्पँटो, तर दुसरीकडे कापण्यासाठी मुद्दाम पातळ ठेवलेलं स्लायसर. जाडजूड चाकूंच्या एवढ्या मोठ्या कारागिरालाही पातळ पातं काढावं लागलं, हे मला बोलकं वाटतं.

गाळणी

फोर-मॅक्स पहिला गेला. चाकू म्हणून तो अचाट आहे, हातात घेतला की आपण उगाच ताठ उभे राहतो. पण मूळ फोर-मॅक्सचं वजन पाव किलोच्या घरात. तुलनेसाठी सांगतो, स्पायडर्को कंपनीचा पॅरामिलिटरी २ हा चाकू साधारण ११० ग्रॅमचा, आणि ज्याला सगळे जड म्हणतात तो पितळेच्या टोकांचा बक ११० दोनशे ग्रॅमच्या आसपास. भाऊ दिवसातले दोन-तीन तास गुडघ्यावर बसलेला असतो. पाव किलोचं लोखंड मांडीत रुतलं की तिसऱ्या दिवशी ते खिशातून पिशवीत जातं, आणि पिशवीतला चाकू हवा तेव्हा हाताशी नसतो. "वजन कितीही असू दे" हे वाक्य त्यानं तासभर तो खिशात ठेवून मागे घेतलं. हे सगळे चाकू एका स्नेह्याचे होते, त्यांनी आठवड्यासाठी विश्वासानं दिले होते.

एक्सएम-१८बद्दल त्यानं स्वतः निर्णय घेतला. फ्रेम लॉक मिटताना अंगठा क्षणभर पात्याच्या वाटेत येतो. सवयीचा माणूस याचा विचारही करत नाही. पण ज्याच्या बोटावर नुकतंच पातं मिटलंय त्याचा अंगठा तिथे जायला तयार होईना. याला तर्कानं उत्तर नसतं, आणि मी दिलंही नाही.

अडामास बराच काळ शर्यतीत होता. मोजे घालून उघड-मीट करायला तो सगळ्यांत सोपा गेला. अडलं ते पोलादावर. पहिले अडामास डी२ पोलादाचे, नंतरचे क्रूवेअरचे. क्रूवेअर चिवट आहे, कडा सहजी तुटत नाही, मला स्वतःला फार आवडतं. पण दोन्ही पोलादं खऱ्या अर्थानं गंजरोधक नाहीत. डी२मध्ये क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असलं तरी त्यातलं बरंचसं कार्बनशी बांधलं जातं, गंज अडवायला थोडंच मोकळं उरतं. भावाची निम्मी कामं समुद्राकाठच्या कारखान्यांत, आणि तो पातं पुसणाऱ्यांतला नाही. दोन महिने धार न लावणारा माणूस रोज तेलाचा बोळा फिरवेल, असं मी मानत नाही.

एडी-१०चं पोलाद एस३५व्हीएन. क्रूसिबल या पोलाद कंपनीनं क्रिस रीव्ह यांच्या सहकार्यानं २००९मध्ये आणलेलं, क्रोमियम १४ टक्के, गंजाला चांगलं तोंड देणारं. त्यात व्हॅनेडियमचे फार कठीण कण असतात. साध्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षाही ते कठीण, म्हणून धार लावायला हिऱ्याची प्लेट बरी. प्लेट पातळ असते, पिशवीत मावते.

इथे मी माझं घोडं पुढे दामटलं. म्हटलं, एडी-१० पेक्षा त्याच घरातला रेकॉन १ घे. लॉक तेच ट्राय-अ‍ॅड. पातं साडेतीन मिलिमीटर जाड, लांबी दहा सेंटिमीटर. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एडी-१०हून सुमारे चाळीस ग्रॅम कमी. कागदावर मला यात खोट दिसत नव्हती. माझ्या लेखी प्रकरण संपलं होतं.

तिथे मी चुकलो

मी सगळी तपासणी उघड्या हातानं केली होती. भाऊ काम करतो ते मोजे घालून.

जाड मोजे घातल्यावर रेकॉन १ची सडपातळ मूठ त्याच्या हातात फिरत होती. होज कापताना जोर खालच्या दिशेनं लागतो, आणि मूठ तळहातात जराशी वळली तरी धार तिरकी जाते. एडी-१०ची जी१०ची (काचतंतू आणि राळ दाबून केलेल्या पदार्थाची) मूठ जाड, गोलाई दिलेली. मोजा घातला की ती भरून बसते, फिरत नाही. मी ज्याला फुकटचं वजन म्हणत होतो, त्याच्यातलं बरंचसं मुठीत होतं, आणि मुठीतलं वजन त्याच्या कामाचं होतं.

दुसरी गोष्ट लांबीची. तो ज्या ठिकाणी जातो त्यांतल्या काही कारखान्यांत दहा सेंटिमीटरचं पातं फाटकावरच अडवतात. एडी-१०चं पातं नऊ सेंटिमीटरच्या आसपास. हे मला आधी विचारायला हवं होतं. लॉकच्या पिना मोजत बसलो आणि फाटकावरचा नियम विचारलाच नाही.

कायद्याचंही तिथेच निघालं. तो कामासाठी देशोदेशी जातो. ब्रिटनमध्ये लॉक नसलेला, तीन इंचांहून कमी पात्याचा घडीचा चाकू कारणाशिवाय बाळगता येतो. लॉक असलं की रास्त कारण दाखवावं लागतं. जर्मनीत एका हातानं उघडून लॉक होणाऱ्या चाकूलाही तसंच कारण लागतं. काम हे कारण ठरतं, पण काम संपल्यावर जेवायला जाताना तो खिशात असणं हे कारण नव्हे. म्हणून चाकू अवजारांच्या पेटीत कुलूपबंद प्रवास करतो आणि कामाच्या जागी खिशात येतो, असं ठरवलं. विमानात तो अर्थातच हातातल्या सामानात नसतो.

ठरलं ते

एडी-१०. त्याच्यासोबत फूटभर लांबीची सपाट कटावणी, बांधणीच्या प्लॅस्टिक पट्ट्यांसाठी आकड्याच्या आकाराचा छोटा कटर, लोखंडी पट्ट्यांसाठी पत्र्याची कात्री, आणि एक हिऱ्याची प्लेट. वहीतल्या सगळ्यात जास्त रेघा पट्ट्यांच्या होत्या. त्या आता चाकूकडे जातच नाहीत.

नवीन चाकूच्या धारेमागची जाडी व्हर्नियरनं मोजली, आणि दोन संध्याकाळी घासून ती अर्ध्या मिलिमीटरच्या जवळ आणली. धारेचा कोनही थोडा कमी केला. दणकट चाकू घ्यायचा आणि मग घासून पातळ करायचा, हे भावाला गमतीचं वाटलं. मला नाही वाटलं. पाठ आणि लॉक होते तसेच राहिले, फक्त जिथे कापायचं तिथलं पोलाद कमी झालं. घासताना पातं तापू द्यायचं नाही, पाणी लावत जायचं. भट्टीत पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कठीणपणा, धारेपाशी उतरला तर सगळी मेहनत फुकट. म्हणून मशीनवर न नेता हातानंच केलं.

सुरुवातीला लॉकचा दांडा फार कडक होता, मोजे घालून एका हातानं मिटेना. सांगितलं, दोन हातांनी मीट, घाई कोणाला आहे? महिन्याभरात तो थोडा सैल झाला. तरी अजूनही तो दोन हातांनीच मिटतो. आता ते सवयीनं आहे की भीतीनं, मी विचारलं नाही.

आठ महिने झाले. टोक शाबूत आहे. पातं उघडून बाजूंना हलवून पाहिलं, सांध्यात खेळ नाही. लॉकच्या खाचेत फोमचा आणि पुठ्ठ्याचा भुसा साचलेला होता. हवेचा झोत मारून काढला, एक थेंब तेल दिलं, आणि हे दर आठवड्याला करायला सांगितलं. ट्राय-अ‍ॅड झाला तरी खाचेत भुसा बसला की दांडा पूर्ण खाली बसणार नाही. धार तो आता दर पंधरा दिवसांनी लावतो. वही त्यानं बंद केलेली नाही, हे मला अनपेक्षित होतं. शेवटच्या पानांवर कटावणीपुढे चाकूइतक्याच रेघा आहेत.

तक्रार एकच आली. खिशाला अडकवायच्या क्लिपखालच्या खडबडीत जी१०नं दोन पँटींचे खिसे कुरतडले. क्लिप काढून तिच्याखालची तेवढीच जागा बारीक सँडपेपरनं गुळगुळीत करून दिली आहे. तिसऱ्या पँटीचं काय होतं ते बघायचं.